तुकडोजी महाराज : खंजिरी भजन आणि आपत्तिसेवा

तुकडोजी महाराज (30 एप्रिल 1909–11 ऑक्टोबर 1968). विदर्भातील संतकवी, खंजिरीवादक भजनगायक आणि ‘ग्रामगीता’कार. स्वातंत्र्यलढा, दुष्काळ, युद्ध, भूकंप अशा प्रत्येक संकटात त्यांनी भजनाच्या जोरावर माणसे गोळा केली आणि त्यांना कामाला लावले. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली येथे, गरीब घरात. शालेय शिक्षण जेमतेम प्राथमिक. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. ‘तुकड्या’ हे नाव त्यांनीच दिले, आणि पुढे ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा भजनांच्या शेवटी कायमची आली. लहान वयात घर सोडून ते रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा या रानाडोंगरांत भटकले. गावोगावचे दारिद्र्य, रोगराई आणि अंधश्रद्धा त्यांनी जवळून पाहिली ती या वर्षांत.

त्यांच्या गायनाचा प्राण म्हणजे खंजिरी. लाकडी कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसवलेले चामडे आणि कड्याच्या खाचांत अडकवलेल्या पितळी झांजा, एवढाच या वाद्याचा संसार. डाव्या हातात धरायचे, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचे. पावसाळी हवेत चामडे सैल पडते, मग विस्तवावर शेकून आवाज पुन्हा चढवावा लागतो. खंजिरी खांद्याच्या झोळीत मावते, तिला ना मांडव लागतो ना बैठक, आणि ती विकत घेणे मजुरालाही परवडते. तुकडोजींच्या भजनाचा प्रसार एवढ्या दूरवर का झाला, याचे अर्धे उत्तर या वाद्यात आहे. उरलेले अर्धे त्यांच्या भाषेत आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनी हजारोंच्या संख्येने भजने रचली. चाली सोप्या, ध्रुपद लगेच तोंडात बसणारे. एकाने ओळ म्हणायची आणि जमावाने ती उचलायची, अशी ही रीत असल्याने ऐकायला आलेला माणूस दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणारा होऊन जाई.

1935 मध्ये सालबर्डी येथे त्यांनी भरवलेल्या महायज्ञाला लाखोंचा जनसमुदाय लोटला. त्याच सुमारास नागपूर–अमरावती मार्गावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभा राहिला. 1936 मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला गेले आणि सुमारे महिनाभर राहिले. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाले. या भागात तुकडोजींची भजने आधीपासून घराघरांत पोचली होती आणि लोकांना निर्भय करण्यात त्यांचा वाटा मोठा होता. सरकारनेही तो ओळखला. महाराजांना चंद्रपुरात अटक झाली, आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांनी काही महिने काढले.

सुटकेनंतर भजनाला संघटनेची जोड मिळाली. 1943 मध्ये श्रीगुरुदेव सेवामंडळाचे काम सुरू झाले, ‘श्रीगुरुदेव’ हे मासिक निघू लागले आणि आश्रमाचा स्वतःचा छापखाना आला. भजन, प्रवचन, सामुदायिक प्रार्थना, मासिक, भजनांच्या स्वस्त पुस्तिका अशी अनेक माध्यमे एकाच कामाला जुंपली गेली. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत खंजिरी पोचे आणि ज्याला वाचता येते त्याच्या हाती पुस्तिका राही. गावोगावी सेवामंडळाच्या शाखा निघाल्या. त्यांचा दिनक्रम ठरलेला होता : पहाटे सामुदायिक ध्यान, ग्रामसफाई, संध्याकाळी मूर्तिविरहित अधिष्ठानासमोर रांगेत बसून सामुदायिक प्रार्थना. जातपात विचारायची नाही, सर्व धर्मांच्या माणसांनी शेजारी बसायचे, हा तिचा कणा. वरकरणी हा भक्तीचा कार्यक्रम दिसतो. परंतु रोज ठरल्या वेळी एकत्र येणारे, एकमेकांना नावाने ओळखणारे आणि हातात झाडू घेण्याची लाज न वाटणारे शे-पन्नास लोक ज्या गावात आहेत, ते गाव पूर, पटकी किंवा आगीच्या प्रसंगी इतरांची वाट पाहत बसत नाही. तुकडोजींच्या आपत्तिसेवेचे मर्म या तयारीत आहे, आणि त्याची दखल मात्र फार कमी घेतली गेली.

1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे 30 लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. त्या आपत्तीने भारतभरच्या कलावंतांना हलवले. मुंबईत 1943 मध्येच ‘इप्टा’ या लोकनाट्य संघटनेची स्थापना झाली, अण्णाभाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला, चित्रकार चित्तप्रसाद यांनी भुकेल्या माणसांची रेखाचित्रे काढली. विदर्भात याच दुष्काळग्रस्तांसाठी तुकडोजी महाराज उभे राहिले. इप्टाची वाट डाव्या चळवळीची, महाराजांची भक्तिमार्गाची. तरीही पोवाडा आणि भजन ही दोन्ही लोकांच्या अंगवळणी पडलेली रूपे होती, आणि दूरच्या प्रांतातले दुःख आपल्या गावच्या सुरात ऐकू आल्यावाचून खिशात हात जात नाही, हे दोन्हीकडे नेमके कळलेले होते.

1955 मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेत तुकडोजी सहभागी झाले आणि तिथेही खंजिरी वाजली. ‘ग्रामगीता’ हा त्यांचा मुख्य ग्रंथही याच काळातला. 41 अध्याय आणि 4675 ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे गाव कसे सांभाळावे याची ओवीबद्ध मांडणीच आहे. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य हे विषय त्यात स्वतंत्र अध्यायांत येतात, आणि भजनाचा प्रभाव हाही त्यातला एक अध्याय आहे. पिण्याचे पाणी, सांडपाणी, शौचाची व्यवस्था यांवर ओव्या रचणारा संतकवी मराठीत दुसरा शोधावा लागेल. मागे गाडगेबाबांची परंपरा होतीच. तेही अमरावती जिल्ह्यातले, आणि झाडणे व कीर्तन ही दोन कामे त्यांनी एका दिवसात बसवली होती. तुकडोजींनी त्या कामाला ग्रंथ आणि गावोगावची शाखा दिली.

1956 मध्ये भारत साधुसमाजाची स्थापना झाली आणि अध्यक्षपद तुकडोजींकडे आले. ‘राष्ट्रसंत’ ही उपाधी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना दिली. 1962 चे चीनचे आक्रमण आणि 1965 चे पाकिस्तानशी युद्ध या दोन्ही वेळी ते सीमेवर गेले आणि जवानांपुढे भजने गायली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर परिसरात भूकंप झाला. सुमारे 180 माणसे मृत्युमुखी पडली, हजारो घरे कोसळली. सेवामंडळाच्या मदतकार्यासाठी महाराज तिकडेही धावले. त्यानंतर बरोबर 10 महिन्यांनी कर्करोगाने त्यांचे मोझरी येथे निधन झाले.

संगीतातून आपत्तिग्रस्तांना मदत म्हटले की जगाला 1 ऑगस्ट 1971 चा न्यूयॉर्कमधील बांगलादेशासाठीचा कार्यक्रम आठवतो. पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी चक्रीवादळ व युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या लोकांसाठी तो घडवून आणला. त्यात श्रोता एका खंडात आणि पीडित दुसऱ्या खंडात होता, आणि दोघांना जोडणारा दुवा तिकिटाचा पैसा. खंजिरी भजनात तिकीट नाही. गाणारा, ऐकणारा आणि राबणारा एकच असतो. निधी उभारण्यात पहिली पद्धत केव्हाही वरचढ ठरेल. पैसा संपल्यावर गावात काय उरते, या प्रश्नाला मात्र दुसऱ्या पद्धतीकडेच उत्तर आहे.

महाराजांच्या पश्चात ही परंपरा चालू राहिली. 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम व वर्धा या 6 जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारला विशेष पॅकेज जाहीर करावे लागले. या संथ, वर्षानुवर्षे चालणाऱ्या आपत्तीच्या काळात अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज गावोगावी फिरत राहिले. एकाच वेळी सात खंजिऱ्या मांडून वाजवणारे ते सप्तखंजिरीवादक. व्यसन, हुंडा, लग्नातला वायफळ खर्च, कर्ज आणि आत्महत्या हे त्यांच्या प्रबोधनाचे विषय. रात्रीच्या थंडीत अंगावर घोंगडी पांघरून बसलेला गाव त्यांच्या ठेक्यावर हसतो, आणि त्याच ठेक्यावर गप्प होतो.

नागपूरशी तुकडोजी महाराजांचे नाव दोन ठिकाणी ठळकपणे जोडलेले आहे. 1923 मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ 2005 पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. मानेवाडा रस्त्यावरील तुकडोजी चौकात त्यांच्याच नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. विदर्भासह आसपासच्या मुलखातले रुग्ण तिथे उपचाराला येतात. मोझरीला दरवर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास पुण्यतिथी महोत्सव भरतो. दिवसरात्र भजनी मंडळे गात असतात. श्रद्धांजलीच्या दिवशी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी सगळ्या खंजिऱ्या थांबतात आणि लाखोंचा समुदाय असेल तिथे स्तब्ध उभा राहतो.