जुना गेम विकायचाय? आधी 'गेम म्हणजे काय' ते सांगा!

मागच्या शनिवारी भाचा घरी आला होता. माझी गेम्सची यादी बघून म्हणाला, "मामा, यातले निम्मे तर तू खेळतही नाहीस. विकून टाक ना!" पोरगं व्यवहारी आहे. पण माझे बहुतेक गेम डाउनलोड केलेले. विकणार काय, कपाळ?

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. नव्वदच्या दशकात पुण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं. जुनी कॅसेट आणि वर वीस रुपये दिले की दुसरी कॅसेट मिळायची. (त्या सगळ्या नकली होत्या हे फार नंतर कळलं. असो.) कॅसेट आपली, म्हणजे विकायचा हक्कही आपला, इतका साधा हिशोब. हाच हिशोब कोर्टात सिद्ध व्हायला जपानमध्ये चार वर्षं लागली. आजची गोष्ट त्याचीच.

नव्वदच्या दशकात जपानमध्ये वापरलेल्या गेम्सची दुकानं जोरात होती. गेम कंपन्यांची तक्रार अशी, की एकच डिस्क चार वेळा विकली जाते आणि आम्हाला पैसे पहिल्यांदाच मिळतात. १९९८ मध्ये खोक्यांवर 'पुनर्विक्रीस मनाई' असे शिक्के आले आणि प्रकरण कोर्टात गेलं.

आता गंमत बघा. पुस्तक एकदा विकलं की त्या प्रतीवर लेखकाचा ताबा राहत नाही. पण जपानच्या १९७० च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाला एक खास हक्क होता: प्रत कुणाच्या हाती जावी हे निर्माता ठरवणार. कारण सोपं आहे. सिनेमाची रिळं एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात फिरायची. आपल्याकडे जत्रेच्या तंबूत पेटीतून रिळं यायची आणि खेळ झाला की पुढच्या गावाला जायची, तसंच. त्या पेट्यांवर निर्मात्याचा ताबा नसता तर धंदाच बुडाला असता.

कंपन्यांनी नेमकं हेच कलम धरलं. म्हणाल्या, गेम म्हणजे सिनेमाच! युक्तिवाद अगदीच हवेतला नव्हता. १९८४ मध्ये पॅक-मॅनच्या खटल्यात टोकियोच्या कोर्टाने गेमला सिनेमाच्या पंक्तीत बसवलं होतंच.

मे १९९९ मध्ये टोकियोच्या जिल्हा कोर्टाने सांगितलं, हा सिनेमा नाही, कारण पडद्यावर काय दिसेल ते खेळणारा ठरवतो. दुकानदार जिंकले. ऑक्टोबरमध्ये ओसाकाच्या कोर्टाने नेमकं उलट सांगितलं: हा सिनेमाच, विक्री बंद. एक देश, एक कायदा, पाच महिन्यांत दोन उत्तरं! २००१ मध्ये दोन्ही हायकोर्टांनी दुकानदारांच्या बाजूने कौल दिला आणि २५ एप्रिल २००२ ला सुप्रीम कोर्टाने शेवट केला. गेम हा सिनेमा आहे, मान्य. पण थिएटरात फिरणारं रीळ वेगळं आणि घरी खेळायला विकलेली डिस्क वेगळी. ती एकदा रीतसर विकली गेली की कंपनीचा हक्क संपला.

मला हा निकाल फार आवडतो. कोर्टाने शब्दाच्या व्याख्येत न अडकता वस्तू कशी वापरली जाते ते पाहिलं.

अमेरिकेत तर जुन्या गेम्सवर अख्खी दुकानसाखळी उभी राहिली. २०१० च्या आसपास गेमस्टॉपच्या ढोबळ नफ्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा वापरलेल्या मालाचा होता. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी जुन्या डिस्कच्या विक्रीवर बंधनं आणायचं जाहीर केलं. लोक इतके खवळले की महिन्याभरातच, १९ जूनला, माघार घ्यावी लागली.

म्हणजे ग्राहक जिंकला? थांबा.

२०१२ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की कायमसाठी विकत घेतलेलं सॉफ्टवेअर डाउनलोड केलेलं असलं तरी पुढे विकता येतं. फक्त आपली प्रत पुसायची. त्याच आधारावर फ्रान्समधली एक ग्राहक संघटना स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्हविरुद्ध कोर्टात गेली. २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टात जिंकली, २०२२ मध्ये अपिलात हरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च पातळीवरही हरली. कारण? गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नाही. त्यात संगीत आहे, चित्रं आहेत, कथा आहे. म्हणून सॉफ्टवेअरचा नियम त्याला लागू नाही.

पुन्हा तोच प्रश्न, गेम म्हणजे काय! फरक एवढाच, की जपानच्या कोर्टासमोर डिस्क होती. इथे हातात धरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी सॉफ्टवेअरवरच पोट भरतो, त्यामुळे कंपन्यांची बाजूही कळते. डिस्कवर चरे पडतात, फाइल कधीच जुनी होत नाही. शंभराव्या हातातली प्रतही कोरीच. तरी एक गोष्ट खुपते. आपला विकायचा हक्क कुणी कायदा करून काढून घेतला नाही. आपणच सोयीसाठी डिस्क सोडली आणि हक्क तिच्याबरोबर गेला. मी स्वतः सेलमध्ये धडाधड 'बाय' दाबत होतो, तेव्हा एकदाही हा विचार मनात आला नाही.

शेवटी माळ्यावरून जुन्या डिस्कचा खोका काढून भाच्याला दिला. म्हटलं, हे विक, हे माझं आहे. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला: चार विकल्या, दोन बदलून घेतल्या. बाकीच्या यादीचं काय करायचं, हे मात्र त्यालाही सांगता आलं नाही. :)