डॉक्टर वाचवा, म्हणजे कुणापासून?

तर मंडळी, १ जुलै १९६२. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात सरकारी आरोग्य विमा सुरू झाला आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलूप ठोकलं. काही इस्पितळांत तातडीची सेवा तेवढी चालू. त्यांचं म्हणणं, आज पैसे सरकार देणार, उद्या औषधही सरकारच ठरवणार.

बरं, हे एकट्या डॉक्टरांचं नव्हतं. 'आमचे डॉक्टर राखा' अशा समित्या निघाल्या आणि सुरुवात केली रेजायनातल्या काही आयांनी. आपला डॉक्टर प्रांत सोडून गेला तर लेकरांना दाखवायचं कुणाला? भीती खरीच होती हो. फक्त त्या घडीला डॉक्टर दवाखान्यात नव्हता तो संपामुळे!

११ जुलैला विधानसभेसमोर मोर्चा झाला. आयोजकांची अपेक्षा कितीतरी मोठी, आले चार-पाच हजार. तिथे हवा गेली. प्रीमियर वुड्रो लॉइड हटले नाहीत. ब्रिटनमधून डॉक्टर आणले. २३ जुलैला, लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीनं, सास्काटूनमध्ये करार झाला. विमा राहिला, पण डॉक्टर पगारी नोकर झाले नाहीत, कामागणिक फी घेत राहिले.

१९६४ला लॉइड यांचा पक्ष हरला. नव्या सरकारनं योजना मात्र मोडली नाही.