सुई, शिंक आणि पुरावा : ॲलर्जीवर ॲक्युपंक्चरचा खरोखर गुण येतो का?

१/
१६ मार्च १८१९. लंडनमधील एका वैद्यकीय संस्थेच्या सभेत डॉ. जॉन बॉस्टॉक यांनी एका रुग्णाची हकीकत वाचून दाखवली. रुग्णाचे वय ४६. लहानपणापासून दर वर्षी जून उजाडला की त्याचे डोळे लाल होत, शिंका थांबता थांबत नसत, नाक वाहू लागे आणि छाती आवळल्यासारखी होई. हा रुग्ण दुसरातिसरा कोणी नव्हता. ते स्वतः बॉस्टॉकच होते. ज्याला पुढे ‘हे फीवर’ हे नाव पडले, त्या आजाराचे हे पहिले सविस्तर वैद्यकीय वर्णन मानले जाते.

२/
बॉस्टॉक यांनी त्या काळचे जवळजवळ सगळे उपाय स्वतःवर करून पाहिले होते. रक्त काढून झाले, अफू झाली, पारा झाला, थंड पाण्याची स्नाने झाली. खात्रीचा गुण कशानेच आला नाही. मात्र जुलै सरता सरता आजार आपोआप ओसरत असे. ॲलर्जीच्या उपचारांच्या इतिहासातली सगळ्यात अवघड गाठ येथेच आहे. जो आजार ऋतूबरोबर येतो आणि ऋतूबरोबरच जातो, त्यावर शेवटच्या आठवड्यात घेतलेला कोणताही उपाय रामबाण वाटतो.

३/
आज हाच त्रास असलेली माणसे गोळ्या आणि नाकातल्या फवाऱ्यांना कंटाळून ॲक्युपंक्चरच्या दवाखान्याची पायरी चढतात. काहींना बरेही वाटते. पण ते बरे वाटणे सुईमुळे, ऋतू पालटल्यामुळे की कोणीतरी आपुलकीने विचारपूस केल्यामुळे? हा प्रश्न नेमका मांडता येण्यासाठी वैद्यकाला जवळजवळ दोन शतके लागली.

४/
सुरुवात चीनपासून. मावांगदुई येथे इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेली एक कबर १९७३ मध्ये उत्खननात उघडली गेली. तिच्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ मिळाले. त्यांत शरीरातील ११ वाहिन्यांचे वर्णन आहे, पण सुईने उपचार करण्याचा उल्लेख नाही. सूचिचिकित्सेची सुसंगत मांडणी दिसते ती त्यानंतर संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात. त्यातल्या नऊ प्रकारच्या सुयांपैकी काही रक्त काढण्यासाठी किंवा गळू फोडण्यासाठी होत्या. आजच्या केसासारख्या बारीक सुईचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून तो ग्रंथ वाचला तर फसगत होते.

५/
वाहते नाक आणि शिंका प्राचीन चीनलाही परिचित होत्या. ‘लिजी’ या ग्रंथातील महिन्यांवरच्या प्रकरणात म्हटले आहे की शरदाच्या शेवटच्या महिन्यात उन्हाळ्याला साजेशी आज्ञा चालवली, तर प्रजेत शिंका आणि नाक वाहणे वाढते. ऋतू आणि शिंक यांचा संबंध ओळखला गेला होता. कारण मात्र विश्वाच्या बिघडलेल्या तालात शोधले जात होते. नाकपुडीच्या शेजारील बिंदूला चिनी वैद्यकात ‘यिंगश्यांग’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘सुगंधाचे स्वागत’. चोंदलेल्या नाकासाठी तो आजही वापरला जातो.

६/
युरोपला ही विद्या कळली ती जपानमार्गे. देजिमा येथे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले वैद्य विलेम तेन ऱ्हाइने यांनी १६८३ मध्ये तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिले. १८१६ मध्ये फ्रान्समध्ये लुई बेर्लिओझ (प्रसिद्ध संगीतकाराचे वडील) यांनी आपले सुयांचे प्रयोग प्रसिद्ध केले. १८२१ मध्ये लंडनमध्ये जेम्स मॉर्स चर्चिल यांची पुस्तिका निघाली. आणि १८२२ मध्ये चीनच्या दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून सूचिचिकित्सा हद्दपार केली. लंडनमध्ये दार उघडत होते, त्याच सुमारास पेकिंगमध्ये ते बंद झाले.

७/
दरम्यान बॉस्टॉक यांच्या आजाराचा माग निघत होता. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनाही तोच त्रास होता. त्यांनी परागकण स्वतःच्या त्वचेवर आणि नाकात लावून परिणाम टिपले, तसेच चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून उंच हवेतले परागकण मोजले. १८७३ च्या त्यांच्या ग्रंथाने दोष परागकणांवर निश्चित केला. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. १९११ मध्ये लिओनार्ड नून यांनी परागकणांच्या अर्काची थोडी थोडी मात्रा टोचून सहनशक्ती वाढवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला.

८/
१९३७ मध्ये दानिएल बोव्हे यांनी पहिले हिस्टामिनरोधक द्रव्य शोधले. १९६० च्या दशकात इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिश यांनी स्वीडनमध्ये ‘आयजीई’ या प्रतिपिंडाचा शोध लावला. आता साखळी जुळली. शरीर निरुपद्रवी परागकणाला शत्रू समजते, आयजीई तयार होते, विशिष्ट पेशींतून हिस्टामिन सुटते आणि शिंक येते. या साखळीत वाहिन्यांना किंवा ‘ची’ला जागा नव्हती. पण कारण चुकीचे सांगितले म्हणून उपायही निरुपयोगीच असतो, असा नियम नाही. ते वेगळे तपासावे लागते.

९/
विसाव्या शतकात सुईनेही रूप पालटले. १९२९ मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारपुढे पारंपरिक वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला. वैद्यांच्या तीव्र विरोधामुळे तो बारगळला. चेंग दान-आन यांनी १९३० च्या दशकात बिंदू रक्तवाहिन्यांपासून दूर नेले आणि बारीक सुयांचा पुरस्कार केला. साम्यवादी राजवटीत झू ल्यान यांनी १९५१ च्या पुस्तकात सूचिचिकित्सेचा अर्थ मज्जासंस्थेच्या भाषेत लावला. आज ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ म्हणून जे समोर येते, त्याचा बराचसा साचा या दोन-तीन दशकांत घडलेला आहे.

१०/
जुलै १९७१. न्यू यॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा त्यांना सुया टोचण्यात आल्या आणि आराम पडला. २६ जुलैला त्यांचा लेख छापून आला आणि अमेरिकेत कुतूहलाची लाट उसळली. लवकरच दंतकथा पसरली की शस्त्रक्रियाच सुयांच्या बळावर झाली. रेस्टन यांनी मात्र नेहमीची बधिर करणारी औषधे वापरल्याचे स्पष्ट लिहिले होते. आणि शस्त्रक्रियेनंतरची पोटफुगी बहुधा आपोआपही उतरते. बॉस्टॉक यांच्या जुलैचीच ही दुसरी आवृत्ती.

११/
भारतातील धागा महाराष्ट्रातून जातो. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनला गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकरही होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. त्यांचे सहकारी बिजोयकुमार बसू भारतात परतले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून कलकत्त्यात उपचार सुरू केले. कोटणीसांच्या नावाभोवती उभ्या राहिलेल्या कार्यातून ही विद्या भारतात पसरली. तिच्यामागे त्यागाची मोठी पुण्याई आहे. पण पुण्याई म्हणजे पुरावा नव्हे.

१२/
मग पुरावा कसा मिळवायचा? एका गटाला सुया आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशी तुलना अपुरी पडते, कारण सुई टोचून घेणाऱ्याला वेळ, लक्ष आणि आशाही मिळते. म्हणून ‘लटके’ उपचार हवेत. गोळीला साखरेची गोळी हा पर्याय असतो, सुईला काय? १९९८ मध्ये जर्मनीत बोथट टोकाची सुई तयार झाली. नाटकातल्या खंजिरासारखी तिची काडी मुठीत सरकते, आणि टोचल्याचा केवळ भास होतो. दुसरा मार्ग म्हणजे बिंदू नसलेल्या जागी, अगदी वरवर सुई टोचणे.

१३/
जर्मनीत आरोग्यविमा कंपन्यांपुढे थेट प्रश्न होता : पैसे द्यायचे की नाहीत? त्यातून मोठ्या चाचण्या झाल्या. कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के, लटक्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना गुण आला. सुयांनी नेहमीच्या उपचारांना मागे टाकले, पण सुई नेमकी कोठे टोचली याने फारसा फरक पडला नाही.

१४/
ॲलर्जीवरची महत्त्वाची चाचणीही जर्मनीतलीच. बेनो ब्रिंकहाउस आणि सहकाऱ्यांनी ती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. बर्च वृक्ष आणि गवत यांच्या परागकणांची ॲलर्जी सिद्ध झालेले ४२२ रुग्ण घेतले. २१२ जणांना खऱ्या सुया, १०२ जणांना लटक्या, १०८ जणांना केवळ औषध. गरज पडल्यास सेटिरिझिन घेण्याची मुभा तिन्ही गटांना होती. सुयांच्या दोन्ही गटांना आठ आठवड्यांत १२ वेळा उपचार मिळाले. रोजच्या जगण्यावरचा त्रास ० ते ६ गुणांच्या प्रश्नावलीने मोजला गेला.

१५/
आठ आठवड्यांनी खऱ्या सुयांचा गट पुढे होता : केवळ औषधाच्या तुलनेत ०.७ गुणांनी, लटक्या सुयांच्या तुलनेत ०.५ गुणांनी. औषधही त्यांना कमी लागले. हा फरक योगायोगाचा नव्हता. पण रुग्णाला जाणवेल असा किमान फरकच ०.५ मानला जातो. म्हणजे लाभ जेमतेम उंबरठ्यावर होता. सोळाव्या आठवड्यात गटांमधला फरक उरला नाही. सुधारणा रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची नसूही शकेल, हे संशोधकांनीच नमूद केले. शिवाय सुई टोचणाऱ्याला ती खरी की लटकी हे ठाऊक होते, ही त्रुटी अशा चाचण्यांत टळत नाही.

१६/
तेव्हा उत्तर ‘थोतांड’ असेही नाही आणि ‘रामबाण’ असेही नाही. ऋतूच्या ऐन भरात थोडा, तात्पुरता आराम पडू शकतो, इतकेच म्हणता येते. ॲलर्जी मुळातून बरी होते असे ही चाचणी दाखवत नाही. निष्कर्ष बर्च आणि गवताच्या परागकणांचे आहेत. घरातल्या धुळीमुळे बारमाही शिंकणाऱ्याला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने नाकातील स्टिरॉइड फवाऱ्याची ठाम शिफारस केली, आणि औषधाविना उपाय हवा असणाऱ्यांसाठी ॲक्युपंक्चर हा केवळ ‘पर्याय’ म्हणून नोंदवला.

१७/
येथे प्रश्न केवळ फीचा नाही. नाकाच्या ॲलर्जीबरोबर अनेकांना दमाही असतो. सुयांनी बरे वाटते म्हणून दम्याचा पंप सोडणे जिवावर बेतू शकते. शेंगदाणा किंवा मधमाशीच्या दंशाने अंगभर उसळणाऱ्या तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनलिनच वाचवते. तेथे सुयांना स्थान नाही. उपचार निर्जंतुक सुयांनी, प्रशिक्षित हातांनीच व्हायला हवेत. छातीत खोल गेलेल्या सुईने फुप्फुसाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने या व्यवसायाचे नियमन आणले. कायदा उपचार कोणी करावेत हे ठरवतो. कोणता आजार बरा होतो हे तो ठरवू शकत नाही.

१८/
शेवटी पुन्हा बॉस्टॉक. सगळे उपाय थकल्यावर ते उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे समुद्राकाठच्या कड्यावरच्या घरात राहू लागले आणि त्यांना काहीसा आराम पडला. उन्हाळ्यातली उष्णताच आजाराचे मूळ आहे असे त्यांना वाटे. गवताचा दोष त्यांनी मान्य केला नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात परागकण कमी असतात, हे त्यांना कळण्याजोगे नव्हते. १८४६ मध्ये ते वारले, ब्लॅकलींचा ग्रंथ येण्याच्या २७ वर्षे आधी. त्यांना मिळालेला आराम खरा होता, आणि त्याचे त्यांनी लावलेले कारण चुकीचे होते.