पेरूजा : चित्रं, डोंगर, वाइन आणि माणगावचा एक नाईक

 

आजचा भाग सुरू करतो माणगावपासून. हो, आपलं रायगडमधलं माणगाव. गणपतीला कोकणात जाताना जिथे गाडी तासभर हलत नाही, तेच. त्या ट्रॅफिकमध्ये आपण काय करतो? वडापाव खातो, मॅप बघतो, रस्त्याला शिव्या घालतो. पण याच माणगावात एका सैनिकाचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. हा माणूस गेला कुठे, माहितेय? इटलीत. वय वर्षं 22.

इटलीत नेमकं कुठे, तर पेरूजा नावाच्या प्रांतात. आज आपल्याला तिथेच जायचंय.

आता इटली म्हटलं की रोम, व्हेनिस, फ्लोरेन्स ही नावं सगळ्यांना पाठ असतात. पेरूजा कुठेय? इटलीच्या बरोब्बर मध्यभागी उंब्रिया नावाचा प्रदेश आहे. त्याला समुद्र नाही आणि दुसऱ्या देशाची सीमाही नाही. चहूबाजूंनी इटलीच. या उंब्रियाचे दोन प्रांत आहेत, तेर्नी आणि पेरूजा. त्यातला मोठा पेरूजा. लोक इथे तीन गोष्टींसाठी जातात : जुनी चित्रं, निसर्ग आणि वाइन. आपणही त्याच तीन गोष्टी बघू. फक्त प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारू, की हे जे सुंदर दिसतंय, त्याच्याखाली काय आहे?

सुरुवात पेरूजा शहरापासून. शहर टेकडीवर आहे. मुख्य चौकात एक कारंजं आहे, फोंताना माज्जोरे. 1275 ते 1278 या काळात बांधलेलं. निकोला पिसानो आणि त्याचा मुलगा जोव्हान्नी, या बापलेकांनी त्याचं शिल्पकाम केलं. निमित्त होतं पाण्याचं. टेकडीवरच्या शहरात लांबून पाणी आणणं त्या काळी सोपं नव्हतं. ते आल्यावर शहराने त्याचा असा थाट केला.

पण या कारंज्यावर कोरलंय काय, ते बघण्यासारखं आहे. खालच्या कठड्यावर वर्षाचे बारा महिने आहेत. प्रत्येक महिन्यात माणसं त्या त्या हंगामातलं काम करताना दिसतात. शेती आहे, द्राक्षांचा हंगाम आहे. आणि महिन्यासोबत त्याची रास! मेष, वृषभ, मिथुन... आपल्या कालनिर्णयमध्ये असतात ना, त्याच बारा. गावाला पाणी मिळालं म्हणून कारंजं बांधलं आणि त्यावर शेतकऱ्याचं अख्खं वर्ष कोरून ठेवलं. साडेसातशे वर्षांपूर्वी!

या चौकातून थोडं चाललं की शहराचं दुसरं टोक येतं. तिथे सरकते जिने आहेत, मॉलमध्ये असतात तसे. त्यावर उभं राहून खाली निघालात की अचानक तुम्ही एका जुन्या गल्लीत शिरता. विटांची घरं, दारं, खिडक्या, कमानी. पण वर आकाश नाही, छत आहे. म्हणजे जमिनीखाली गेलेली गल्ली!

हे झालं कसं? मिठामुळे.

1540 साली पोप होता तिसरा पॉल. पेरूजा तेव्हा पोपच्या राज्यात होतं, पण आपला कारभार बराचसा आपणच बघत होतं. पोपने मिठावरचा कर वाढवला. शहराने बंड केलं. पोपचं सैन्य आलं, बंड मोडलं. इतिहासात याला 'मिठाचं युद्ध' म्हणतात. मिठाचा कर म्हटलं की आपल्याला 1930 आठवतं, दांडी आणि आपलं शिरोडा. मीठ ही गोष्टच अशी आहे. गरिबातला गरीबही ते टाळू शकत नाही, म्हणून सत्तेला त्यावर कर लावायचा मोह होतो. आणि म्हणूनच लोकही त्यावरच चिडतात.

पोप नुसतं जिंकून थांबला नाही. बालिओनी नावाचं घराणं या शहरात प्रबळ होतं. त्यांचे वाडे आणि आसपासची वस्ती जिथे होती, तिथेच त्याने किल्ला उभा केला, रोक्का पाओलिना. काही घरं पाडली, काहींवर कमानी टाकून ती किल्ल्याच्या पोटात गाडली. तीनशे वर्षं हा किल्ला शहराच्या छातीवर होता. इटलीचं एकीकरण होताना, 1860 मध्ये, पोपची सत्ता गेली आणि लोकांनी तो हातोडे घेऊन पाडला. किल्ला गेला आणि खालची गल्ली उरली. आज तिथून जिने जातात, लोक ऑफिसला जातात.

आणखी एक. उंब्रियातला पाव अळणी असतो. तिथे कोणालाही विचारा, सांगतील, "पोपने कर लावला म्हणून आम्ही पावात मीठ घालणंच सोडलं." ही लोककथा आहे बरं का, पुरावा नाही. पण पाचशे वर्षांपूर्वीचा अपमान लोक रोज सकाळी पावाबरोबर आठवतात, हे मात्र खरं.

चला, आता चित्रं. पेरूजापासून थोड्याच अंतरावर असिसी. संत फ्रान्सिसचं गाव. श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा मुलगा, सगळं सोडून फकीर झाला. 1226 मध्ये तो वारला आणि दोनच वर्षांत त्याच्या नावाच्या भव्य चर्चची पायाभरणी झाली. ज्याने आयुष्यभर गरिबी सांगितली, त्याच्यासाठी एवढी मोठी इमारत! पण त्या भिंतींवर जे रंगवलं गेलं, त्याने युरोपची चित्रकला बदलली. चिमाबुए आणि त्याच्यानंतर जोत्तो. फ्रान्सिसच्या आयुष्यातले 28 प्रसंग इथे आहेत. ते जोत्तोच्या नावावर आहेत, अभ्यासकांत त्यावर वाद आहे. पण फरक कोणालाही दिसतो. आधीच्या चित्रांतले संत सोनेरी पार्श्वभूमीवर तरंगायचे. इथली माणसं जमिनीवर उभी आहेत. त्यांना वजन आहे, पाठ आहे, रडू येतं.

26 सप्टेंबर 1997. रात्री भूकंप झाला. सकाळी नुकसान बघायला काही जण चर्चमध्ये शिरले आणि तेवढ्यात दुसरा धक्का बसला. छताचा भाग कोसळला. चार माणसं गेली, दोन फ्रान्सिस्कन पंथीय आणि दोन तंत्रज्ञ. आणि शतकानुशतकं वर असलेलं चित्र खाली ढिगाऱ्यात, हजारो तुकड्यांत. त्यातला बोटभर तुकडाही लोकांनी फेकला नाही. वेचले, निवडले, रंग जुळवून जोडले. दोन वर्षांत चर्च पुन्हा उघडलं. जिथे तुकडे मिळाले नाहीत, तिथे जागा तशीच मोकळी दिसते. वर बघितलं की कळतं, इथे काहीतरी तुटलं होतं.

निसर्गाचंही तसंच. सिबिल्लीनी डोंगरात, साधारण 1450 मीटरवर, कास्तेल्लुच्चो नावाचं गाव आहे. खाली मोठं सपाट पठार. तिथे मसूर पिकते. जूनच्या सुमारास मसुरीच्या शेतात लाल, निळी, पिवळी रानफुलं येतात आणि सगळं पठार पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. आपलं कासचं पठार आठवेल. तुम्ही रील्समध्ये ते नक्की बघितलंय. फक्त ते गाव दिसलं नसेल. 30 ऑक्टोबर 2016 च्या भूकंपात ते जवळजवळ सगळं पडलं. लोक परत आले, मसूर पेरली. पीक आहे म्हणून फुलं आहेत, आणि फुलं आहेत म्हणून रील आहे.

दुसऱ्या बाजूला त्रासिमेनो तलाव. सुमारे 128 चौरस किलोमीटर पसरलेला आणि खोली जेमतेम सहा मीटर. संध्याकाळी फार शांत दिसतो. इसवी सनपूर्व 217 मध्ये याच काठावर हॅनिबल दबा धरून बसला होता. डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेने रोमन सैन्य आलं, सकाळचं धुकं होतं. वरून हल्ला झाला. आपल्याला हा गनिमी कावा नवा नाही, खिंडीत गाठणं म्हणतो ते हेच. हजारो रोमन मेले, त्यांचा सेनापती फ्लामिनियसही मेला. जवळच्या एका वस्तीचं नाव आजही सांग्विनेतो आहे. त्या नावात रक्त आहे.

आता वाइन. मोंतेफाल्को नावाचं टेकडीवरचं गाव. इथल्या द्राक्षाचं नाव साग्रांतिनो. याच्यासारखं तुरट द्राक्ष जगात क्वचितच सापडेल. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आवळते? तसं. म्हणून जुन्या काळी हे द्राक्ष वाळवून त्याची गोड वाइन करायचे, सणासुदीला. 1970 च्या दशकात काही जणांनी कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन करायला घेतली. 1992 मध्ये तिला इटलीतला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. नियम असा, की किमान 37 महिने मुरल्याशिवाय ती विकायची नाही. तीन वर्षांहून जास्त! तुरटपणा काढून टाकत नाहीत, त्याला वेळ देतात.

तर मंडळी, चित्रं झाली, निसर्ग झाला, वाइन झाली. टूर इथे संपते. आपली संपत नाही, कारण मोंतोने राहिलंय.

4 जून 1944 ला दोस्त सैन्याने रोम घेतलं. दोनच दिवसांनी नॉर्मंडीत सैन्य उतरलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. इटलीतली लढाई मात्र चालूच होती. 20 जूनला पेरूजा मुक्त झालं. जर्मन उत्तरेकडे सरकत होते, पण टेकडी टेकडी लढवत. पुढे होतं टायबर नदीचं वरचं खोरं. तीच टायबर, जी पुढे रोममधून वाहते. तिथे भारतीय सैन्याची दहावी डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण.

10 जुलै 1944. नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली, अगदी जवळून. त्यांच्याशिवाय सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे थांबले नाहीत. धावत गेले, ग्रेनेड टाकून गन आणि गनर गारद केला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांशी भिडले. ठाणं पडलं. आणि मग लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तेही पडले.

त्यांची ज्ञात कबर नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे, हजारो नावांत एक.

इथे एक प्रश्न टोचतो, आणि तो टोचायलाच हवा. 1944 मध्ये आपण स्वतंत्र होतो का? नव्हतो. 'चले जाव'ला दोन वर्षं झाली होती, नेते तुरुंगात होते. मग कोकणातला एक तरुण दुसऱ्या कोणाच्या तरी साम्राज्यासाठी, तिसऱ्याच कोणाच्या तरी गावासाठी मेला, याला काय म्हणायचं? मला वाटतं, एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सैन्य ब्रिटिशांचं होतं, हे खरं. मोंतोनेच्या लोकांवरचा नाझींचा अंमल त्या लढायांमुळे उठला, हेही खरं. आणि ते पोरगं 22 वर्षांचं होतं, हे दोन्हीपेक्षा खरं.

मोंतोनेने ते विसरलं नाही. जुलै 2023 मध्ये तिथे घाडगे यांच्या नावाने स्मारक उभं राहिलं. पुतळा नाही, तोफ नाही. सूर्यघड्याळ आहे. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ : सगळे एकाच सूर्याखाली.

मिठाचं बंड, ढिगाऱ्यातले तुकडे, मसूर, तुरट द्राक्ष... या प्रांताला तुटलेलं सांभाळून ठेवायची सवयच आहे. त्या सांभाळलेल्यात एक आपलाही आहे. कधी तिकडे गेलात, तर असिसीच्या यादीत मोंतोने लिहा, टायबरचं खोरं तसंही वाटेवरच आहे. आणि जाणं नाहीच जमलं, तर पुढच्या गणपतीत माणगावला गाडी अडकेलच. तेव्हा पाच मिनिटं उतरा. पुतळा तिथेच आहे.