जुनी टायटॅनियम माउंटन बाइक फ्रेम अस्सल आहे की नाही, हे कसं ओळखतात?

१९९० च्या दशकातली अमेरिकी टायटॅनियम माउंटन बाइक विकायला येते, तेव्हा बरेचदा ती पूर्ण सायकल नसतेच. चाकं नाहीत, गिअर नाहीत, फक्त करड्या नळ्यांची फ्रेम. तरीही संग्राहक तिच्यासाठी चांगली नवी सायकल येईल एवढे पैसे मोजतात. हे पैसे असतात फ्रेमवरच्या नावाचे. आणि नेमकं तेच नाव खोटं लावणं सगळ्यात सोपं.

याचं कारण धातूतच आहे. टायटॅनियमला गंज चढत नाही, त्यामुळे फ्रेमला रंग द्यावाच लागतो असं नाही. अनेक कंपन्या धातू घासून किंवा बारीक मण्यांचा मारा करून तसाच ठेवत आणि त्यावर स्टिकर लावत. तो निघाला की दुसरा लावता येतो. पण प्रामाणिक मालकही झिजलेले स्टिकर काढून हुबेहूब नवे लावतात. म्हणजे कोरा स्टिकर दिसला म्हणून फ्रेम खोटी ठरत नाही आणि जुनाट दिसला म्हणून खरीही ठरत नाही.

आधी धातू तपासा

पहिली तपासणी चुंबकाची. चुंबक नळीला चिकटला तर ते पोलाद, विषय संपला. नाही चिकटला तर ते अॅल्युमिनियमही असू शकतं. टायटॅनियमची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ४.५ ग्रॅम, पोलादाची ७.८ आणि अॅल्युमिनियमची २.७. पण नळ्यांची जाडी वेगवेगळी असल्यामुळे नुसत्या वजनावरून निकाल लावू नये. कानशीने किंवा ग्राइंडरने ठिणग्या पाडून बघण्याचा सल्लाही काही जण देतात. टायटॅनियमच्या ठिणग्या झगझगीत पांढऱ्या असतात हे खरं, पण त्यासाठी दुर्मीळ फ्रेमला ओरखडे पाडणं म्हणजे आजार बरा, पण रोगी गेला!

खात्रीचा उपाय म्हणजे एक्स-रे फ्लुओरेसन्स. सराफाकडे कॅरेट मोजायला जे यंत्र असतं, त्याचाच हातात धरायचा प्रकार. फ्रेमच्या नळ्यांसाठी बहुतेक वेळा ३ टक्के अॅल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू वापरत. विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी तोच चालतो. पण धातू खरा निघाला तरी नाव खरं ठरत नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियातल्या कारखान्यांतून टायटॅनियम फ्रेम बाहेर पडल्या, पुढे चीनमधूनही आल्या. अशाच एखाद्या बिननावाच्या फ्रेमवर महागडा स्टिकर लागतो.

मग बनवणारा शोधा

या काळातली दोन मोठी अमेरिकी नावं म्हणजे मॅसॅच्युसेट्समधली, १९८६ मध्ये सुरू झालेली मर्लिन आणि टेनेसीतली लाइटस्पीड. गोंधळ असा, की लाइटस्पीड दुसऱ्या कंपन्यांसाठीही फ्रेम बनवत असे. १९९९ च्या टूर द फ्रान्समध्ये लान्स आर्मस्ट्राँगने टाइम ट्रायलला वापरलेली ट्रेक नावाची सायकल मुळात लाइटस्पीडची होती. त्यामुळे ‘नाव एकाचं, हात दुसऱ्याचा’ ही दर वेळी फसवणूक नसते. त्या कंपनीने ते मॉडेल त्या वर्षी नेमकं कोणाकडून बनवून घेतलं, हे मात्र माहीत हवं.

इथे जुने कॅटलॉग कामाला येतात. विक्रेत्याकडून जवळून काढलेले फोटो मागवायचे आणि छापील चित्राशी एकेक तुकडा ताडून बघायचा. मागचं चाक बसतं त्या खाचेचा आकार, केबल अडकवायचे थांबे कोणत्या नळीवर आहेत, ब्रेकचे खुंट, नळ्यांचा व्यास. मर्लिनच्या सुरुवातीच्या फ्रेममध्ये पेडलच्या आसाचे बेअरिंग आटे नसलेल्या घरात दाबून बसवलेले असत. तशी म्हणून विकायला आलेल्या फ्रेममध्ये आटे दिसले, तर त्याचं उत्तर विक्रेत्याने द्यायला हवं.

काळ जुळतो का, हेही बघतात. १९९० च्या सुमाराची म्हणून सांगितलेल्या फ्रेमवर डिस्क ब्रेकचा पाया दिसला तर सावध व्हावं, कारण तो माउंटन बाइकवर रुळला दशकाच्या शेवटी. अर्थात एखाद्या मालकाने तो नंतर वेल्ड करून घेतलेला असू शकतो. मग फ्रेम खोटी नाही, बदललेली आहे, आणि किंमत त्याप्रमाणे उतरायला हवी.

वेल्डिंगकडे भिंगातून बघणं सगळ्यात महत्त्वाचं. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, म्हणून नळीच्या आत-बाहेर आर्गॉन वायू ठेवूनच ते जोडतात. नीट जोडलेला सांधा चंदेरी दिसतो, टाके एकसारखे असतात. सांध्यालगत गडद निळी किंवा करडी-पांढरी झाक असेल तर वायू कमी पडला असं समजतात. पण वरची झाक घासून काढता येते, त्यामुळे स्वच्छ सांधा हा पुरता पुरावा नाही. याच ठिकाणी केसासारखी भेगही शोधायची, कारण अस्सल फ्रेमही तडकलेली असू शकते आणि टायटॅनियमची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या वेल्डरचं काम नाही.

शेवटी सिरियल नंबर. तो सहसा पेडलच्या आसाच्या घराखाली ठोकलेला असतो. कंपनी किंवा तिचे जुने कारागीर अजून असतील तर नंबरावरून वर्ष आणि माप सांगू शकतात. नंबरच घासून काढलेला असेल, तर फ्रेम खरी की खोटी याआधी ती चोरीची तर नाही ना, हे विचारावं लागतं.