‘शोधु’ ते शोधप्रबंध

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रम सक्तीचा केल्यापासून ‘संशोधनपद्धती’ हा विषय मराठी विभागांतून रीतसर शिकविला जातो. गृहीतक, उद्दिष्टे, व्याप्ती, मर्यादा ही पदे विद्यार्थी पाठ करतो आणि प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात उतरवितो. पुढील प्रकरणांत त्यांची पुन्हा गाठ पडेलच असे नाही. या पद्धतिशास्त्राची पाठ्यपुस्तके बहुधा समाजशास्त्रांच्या साच्यावर बेतलेली असतात. त्यामुळे संशोधनाची शिस्त ही आपल्या वाङ्मयपरंपरेला सर्वस्वी परकी आणि अलीकडे आयात झालेली वस्तू आहे, असा समज दृढ होतो. हा समज तपासून पाहण्यास बुलढाणा जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच असेल.

या जिल्ह्यातील लोणार आणि मेहकर ही गावे ‘लीळाचरित्रा’त येतात. यादव राजा कान्हरदेव याच्याशी श्रीचक्रधरांची भेट लोणारला झाल्याचे लीळेत सांगितले आहे. एम.ए.चा विद्यार्थी हा प्रसंग ‘चक्रधरांनी असे केले’ या शब्दांत मांडून मोकळा होतो. वस्तुतः त्याच्या हाती आहे ती घटना नव्हे, घटनेची आठवण आहे. आणि तीही एकपदरी नाही. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर, इ. स. १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटाने नागदेवाचार्यांच्या आधाराने लीळा संकलित केल्या. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जाऊन तो विचारून घ्यावा आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यावा, अशी त्याची रीत परंपरेने वर्णिली आहे. म्हाइंभट हा मुळात वादासाठी आलेला शास्त्री पंडित. प्रमाणाचा विचार त्याच्या हाडीमाशी होता. या पंडिताने साक्षीदाराचे साधे बोलणे त्याच्याच भाषेत राहू दिले, यात त्याच्या मांडणीचे मर्म आहे. संस्कृतात रचना करण्याचा मोह पंथातील इतरांनाही होता, आणि नागदेवाचार्यांनी सामान्य माणसांच्या बाजूने त्याला विरोध केला, हे सर्वश्रुत आहे.

म्हाइंभटाची मूळ प्रत खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नष्ट झाली आणि पुढे अनेकांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे पंथीय परंपरा सांगते. या पुनर्रचनेतच आपल्या विषयाचा गाभा आहे. एकाच प्रसंगाच्या स्मरणात भेद पडला तेव्हा त्यांतले एक ठेवून बाकीची पुसून टाकण्याचा सोपा मार्ग खुला होता. पोथ्यांत मात्र ‘वासना’, ‘शोधु’ अशा संज्ञांखाली, कधी हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशा नावांनिशी, वेगळे स्मरण स्वतंत्र नोंदलेले आढळते. श्रद्धेच्या पोटी लिहिणाऱ्यांनी आपल्या आराध्यदैवताविषयीच्या मतभेदाला ग्रंथात जागा द्यावी, ही गोष्ट लहान नव्हे. तळटीप हे साधन त्यांच्यापाशी नव्हते, पण तळटिपेमागची बुद्धी होती. (आजच्या कित्येक प्रबंधांची स्थिती नेमकी उलट आहे.)

‘स्थानपोथी’ या दृष्टीने अधिकच बोलकी आहे. श्रीचक्रधर जेथे राहिले, बसले, निजले त्या स्थळांची ही नोंद गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, दाराचे तोंड कोणीकडे, अशा कोरड्या तपशिलांनी भरलेली आहे. भाविकाला नमस्कारासाठी जागा नेमकी सापडावी हा तिचा हेतू. आणि या भाविक हेतूमुळेच ती तेराव्या शतकाच्या भूगोलाचे साधन ठरली.

ही पोथी १९५० मध्ये संपादून प्रसिद्ध करणारे वि. भि. कोलते (१९०८–१९९८) हे याच जिल्ह्यातील, मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. महानुभावांच्या सांकेतिक लिपींचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत झाला होता, वि. ल. भावे, वि. का. राजवाडे, य. खु. देशपांडे यांनी वाट घालून दिली होती, ह. ना. नेने यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ भागशः छापावयास घेतले होते. कोलत्यांचा ‘भास्करभट्ट बोरीकर’ १९३५ चा, ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ १९४५ चा, ‘श्रीचक्रधर चरित्र’ १९५२ चे आणि ‘लीळाचरित्रा’चे त्यांचे संपादन १९७८ चे. या सनावळीकडे केवळ गौरवाच्या दृष्टीने पाहू नये. पहिल्या ग्रंथापासून ‘लीळाचरित्रा’पर्यंत त्रेचाळीस वर्षे गेली, आणि मधल्या काळात तत्त्वज्ञान, चरित्र, स्थाननिश्चिती अशी एकेक बाजू स्वतंत्रपणे बांधून झाली. ज्याला आपण संशोधनाचे कौशल्य म्हणतो ते येथे या क्रमात दिसते: आधी लिपी आणि भाषा, मग सुटे ग्रंथ, मग स्थळ, आणि अखेरीस संहिता. तीन वर्षांच्या मुदतीत हा क्रम उलटा होतो. विद्यार्थी संहितेवरील निष्कर्षापासून सुरुवात करतो आणि लिपीपर्यंत कधीच पोहोचत नाही.

मात्र कोलत्यांचे नाव घेऊन थांबणे हेही त्यांच्या पद्धतीशी प्रतारणा करणे होय. त्यांची संहिता ही अनेक पोथ्यांतून निवड करून सिद्ध केलेली संहिता आहे, शं. गो. तुळपुळे यांनी त्यापूर्वी केलेले संपादन तिच्याशेजारी ठेवले की निवडीचे प्रश्न उघडे होतात. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८३ मध्ये ‘सूत्रपाठा’चे संपादन व इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा तत्पूर्वीच्या मराठी संपादकांचे काम त्यांना पायाभूत होते, परंतु पाया तपासण्याचे काम पुढच्या अभ्यासकाला कोणी माफ केलेले नाही. प्रबंधांतून ‘कोलते म्हणतात’ हे वाक्य जेथे येते तेथे बहुधा युक्तिवाद संपतो. तो तेथे सुरू व्हावयास हवा.

सादरीकरणाचा प्रश्नही याच ठिकाणी निगडित आहे. परिसंवादात निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याला आवाज, वेळ, पडद्यावरील चित्रे यांविषयी पुष्कळ सूचना मिळतात. लोणारच्या भेटीवर बोलताना त्याने कृष्ण यादवाचा काळ, लीळेचा पाठ, पाठातील भेद आणि प्रत्यक्ष स्थळ ही चार सूत्रे वेगवेगळी ठेवली, आणि कोणते विधान कशावर उभे आहे हे श्रोत्याला कळू दिले, तर उरलेल्या सूचनांची फारशी निकड भासत नाही. बुलढाण्याच्या विद्यार्थ्याला त्यासाठी दूर जावे लागत नाही. मेहकर आणि लोणार जिल्ह्यातच आहेत, रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे, आणि ‘स्थानपोथी’ हातात धरून या गावांतून फिरता येते. जुने देऊळ पडले असेल, दार बुजले असेल, दिशा जुळत नसेल. ते जसे दिसेल तसे, पोथीतील नोंदीच्या शेजारी, नावनिशीवार लिहून ठेवावे.