दुधाचें वावडें

तान्ह्या मुलाला गाईचें दूध पाजावें आणि घटकाभरांत त्याच्या ओठांवर सूज यावी, अंगावर गांधी उठाव्या व पोटांतलें सारें उलटून पडावें, असा प्रसंग ज्या घरांत एकदां घडला, त्या घरांत पुढें वर्षानुवर्षें एकच प्रश्न विचारला जातो : हें मूल मोठें झाल्यावर तरी दूध पिऊं शकेल काय? ह्या प्रश्नाचें उत्तर वैद्यकशास्त्र पुष्कळ काळ अंदाजानेंच देत आलें. मोजून दिलेलें उत्तर मिळण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

मराठी बायका ह्या विकाराला 'वावडें' म्हणतात, आणि तो शब्द नेमका आहे. एकाचें अन्न तें दुसऱ्याचें विष, हा अनुभव जुनाच. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस ह्याच्या नांवावर असलेल्या ग्रंथांतही, दुधाचें चीज कांहींना भरपूर खाऊनही बाधत नाहीं आणि कांहींना मात्र त्याचा मोठा त्रास होतो, असें नमूद आहे. पण तान्ह्या मुलांतलें वावडें शतकानुशतकें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, ह्याचें कारण उघड आहे. युरोपांतील अनाथालयांत वरच्या दुधावर वाढणारीं मुलें इतक्या मोठ्या संख्येनें दगावत कीं, कोणतें मूल नासक्या दुधानें गेलें आणि कोणतें दुधाच्या वावड्यानें, हें निवडणार कोण? इ. स. १८९४ मध्यें फ्रान्समधील फेकां गांवीं डॉक्टर लेओं द्यूफूर ह्यांनीं गरिबांच्या मुलांना शुद्ध केलेलें दूध देणारें केंद्र उघडलें, व तसलीं केंद्रें पुढें अनेक देशांत निघालीं. दूध निर्मळ होऊं लागल्यावरच, निर्मळ दूधही ज्यांना सोसत नाहीं अशीं थोडीं मुलें वेगळीं दिसूं लागलीं.

बर्लिनचे बालवैद्य हाइन्रिख फिंकेलस्टाइन ह्यांनीं १९०५ सालीं अशा मुलांविषयीं निबंध लिहिला. गाईच्या दुधानें बालक मरण पावल्याचें उदाहरण त्यांत होतें. त्याच वर्षीं श्लॉसमान ह्यांनींही परक्या प्राण्याच्या दुधांतील प्रथिन अर्भकाला कसें विषासारखें भोंवतें, ह्याविषयीं लिहिलें. हें घडतें कां, ह्याचा उलगडा दुसरीकडून होत होता. पॅरिसचे शार्ल रिशे व पोर्तिए ह्यांनीं १९०२ सालीं दाखविलें कीं, समुद्रप्राण्याचें विष कुत्र्याला एकदां टोंचून तो बरा झाला, तरी कांहीं आठवड्यांनीं त्याहून अल्प मात्रेनें तोच कुत्रा मरतो. शरीराला पहिल्या भेटीची आठवण राहते व ती त्याच्या नाशाला कारण होते, हा शोध त्या काळीं धक्कादायक होता. रिशे ह्यांना त्याबद्दल १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९०६ मध्यें व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्केट ह्यांनीं शरीराच्या ह्या बदललेल्या वागणुकीला 'अ‍ॅलर्जी' असें नांव दिलें.

नांव मिळालें, तरी आईचा प्रश्न तसाच राहिला. मूल बरें झालें कीं नाहीं हें पाहावयाचें, तर त्याला पुन्हां दूधच पाजावें लागतें. आणि फिंकेलस्टाइन ह्यांचें उदाहरण ज्यांना ठाऊक, ते डॉक्टर हें धाडस सहजासहजीं कसें करणार? दूध वर्ज्य करणें सोपें होतें. १९२९ मध्यें अमेरिकेंत हिल व स्टुअर्ट ह्यांनीं अशा मुलांसाठीं सोयाबीनचें अन्न तयार केलें, आणि १९४२ मध्यें दुधांतील केसीन तोडून केलेलें 'न्यूट्रामिजेन' बाजारांत आलें. पर्याय चांगले निघाले, पण त्यामुळें पुन्हां दूध देऊन पाहण्याची निकड मात्र कमी झाली. शिवाय पोटदुखी, रडें, खरूज, जें होईल तें दुधाच्या माथीं मारण्याची प्रवृत्ति वाढली. १९५० सालीं मेरी लव्हलेस ह्यांनीं रोग्याला नकळत, दूध लपवून देऊन परीक्षा घेतली. १९६३ मध्यें गोल्डमन ह्यांनीं तर कसोटी कडक केली : दूध बंद करतांच त्रास थांबला पाहिजे, पुन्हां देतांच उठला पाहिजे, आणि हें तीनदां घडलें पाहिजे. मुलाच्या दृष्टीनें ही परीक्षा निष्ठुरच म्हणावी लागेल.

खरें उत्तर डेन्मार्कांतून आलें. ओडेन्स शहरांत १९८५ सालीं जन्मलेल्या १७४९ मुलांवर डॉक्टर हॉस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लक्ष ठेविलें. ११७ मुलांत वावड्याचा संशय आला. दूध वर्ज्य करून व पुन्हां देऊन पाहिल्यावर तो ३९ मुलांतच खरा ठरला. तिघांपैकीं दोघांच्या घरचा संशय चुकीचा होता, ही गोष्ट आजच्या आईबापांनींही लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या ३९ पैकीं शेंकडा ५६ मुलें पहिल्या वर्षाअखेर बरीं झालीं, शेंकडा ७७ दुसऱ्या आणि शेंकडा ८७ तिसऱ्या. पंधराव्या वर्षापर्यंत शेंकडा ९७ मुलें दूध पचवूं लागलीं होतीं.

मग २००७ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोरहून निराळेच आंकडे आले. तेथें ८०७ मुलांपैकीं चार वर्षांच्या वयापर्यंत शेंकडा १९ च बरीं झालीं होतीं, आठपर्यंत ४२, बारापर्यंत ६४ व सोळापर्यंत ७९. ह्यावरून कोणी डेन्मार्कचे डॉक्टर खोटे ठरवूं नयेत. ओडेन्समध्यें साऱ्या गांवचीं मुलें मोजलीं होतीं. बाल्टिमोरांत मोठ्या इस्पितळापर्यंत पोंचलेलीं, म्हणजे जबर विकाराचीं. आणखी एक भेद आहे. १९६७ च्या सुमारास 'आय-जी-ई' नांवाचें प्रतिद्रव्य सांपडलें. तें ज्यांच्या रक्तांत दुधाविरुद्ध असतें, त्यांना मिनिटांत त्रास होतो, आणि तें जितकें अधिक, तितकी सुटका लांबते. ज्यांना तें नसतें, त्यांचा त्रास तासांनीं किंवा दिवसांनीं उठतो, आणि तीं बहुधा लवकर मोकळीं होतात. बाल्टिमोरचीं मुलें सारीं पहिल्या वर्गांतलीं होतीं. (दुधांतली साखर न पचल्यामुळें होणारा पोटफुगीचा त्रास ह्यांत मोडत नाहीं. तो वावडें नव्हे, व वयाबरोबर बहुधा वाढतो.)

२००८ मध्यें न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळांत १०० मुलांची परीक्षा झाली, तेव्हां ६८ मुलांना साधें दूध सोसत नसतांना पिठांत मिसळून भट्टींत भाजलेलें दूध सोसलें. अशीं मुलें साधें दूधही लवकर पचवूं लागतात, असें पुढें दिसलें. आपल्याकडे ह्याचा भलता अर्थ होण्याची भीति आहे. चुलीवर उकळलेलें दूध म्हणजे भट्टींतला केक नव्हे. केसीन उकळण्यानें नष्ट होत नाहीं. म्हशीचें अथवा शेळीचें दूधही तोडगा नव्हे, कारण त्यांतलीं प्रथिनें गाईच्या दुधांतल्यांशीं फार मिळतीं आहेत. आणि भाजलेल्या दुधानेंही ज्यांना त्रास झाला, त्यांचा त्रास सौम्य नव्हता.

म्हणून आतां वावड्याच्या मुलाची सहा ते बारा महिन्यांनीं पुन्हां तपासणी करतात, आणि रक्ताच्या कसोटीवरून आशा दिसली तर दूध देऊन पाहतात. पहिली मात्रा थेंबाची, मग चमच्याची, मधून मधून थांबून. मात्र जबर विकाराच्या मुलाची ही परीक्षा घरीं होत नाहीं. ती इस्पितळांत, अ‍ॅड्रेनॅलिनची सुई हाताशीं ठेवून होते.